दुप्पट संरक्षणाचा चष्मा

४ मार्च
लेझर मशीन आलं! लाकडावर नाव, नक्षी, वाटेल ते जाळून कोरतं. संध्याकाळ आता टीव्हीपुढे फुकट जाणार नाही. मागची खोली म्हणजे वर्कशॉप. ही म्हणाली, ती कपडे वाळत घालायची खोली आहे. मी म्हटलं, होती.
खोक्यात नारिंगी काचेचा चष्मा फुकट आलाय. ऑफिसच्या सुरक्षा समितीचा अध्यक्ष मी. फुकटचं प्लास्टिक डोळ्यांवर चढवू? मुलीला देऊन टाकला. कॉलेजच्या नाटकात ती वेल्डर झालीये.

६ मार्च
चष्म्यांचा सखोल अभ्यास. मशीनवर ४५० लिहिलंय, निळ्या लेझरचा नंबर म्हणे. चष्म्यांवरही नंबर असतात. लोक खोलात जात नाहीत. मी गेलो. १०६४ चा सापडला. ४५० च्या दुपटीहून जास्त, म्हणजे संरक्षण दुप्पट! फ्रेमही रुबाबदार. ऑर्डर केला.
ही म्हणाली, अहो, दोन्ही नंबर सारखेच लागत असतील, चपलेच्या मापासारखे. चपलेच्या! हसून हसून पोटात दुखलं. ती नाही हसली.

१० मार्च
चष्मा आला. आरशात पाहिलं. शास्त्रज्ञच.
मशीन चालू केलं. निळा ठिपका कसा लख्ख दिसतो! काच एक नंबर. ही दारातून म्हणाली, एवढा लख्ख दिसतोय म्हणजे उजेड आत येतोय की. समजावलं, चष्मा दिसण्यासाठीच असतो. यापुढे चहा दाराबाहेर मिळेल म्हणाली. राग कसला, कळेना.

१४ मार्च
ऑफिसात माझं भाषण. विषय: डोळे एकदाच मिळतात. टाळ्या. हिशेबनीस पेंगत होता, त्याला नावानिशी उठवलं.
घरी येऊन मशीनच्या तोंडाभोवतीचं नारिंगी झाकण काढून टाकलं. नीट दिसतच नव्हतं.

१६ मार्च
लाकूड पोरासोरांसाठी. आज डब्याचं स्टीलचं झाकण घेतलं. ऑफिसात डबा उघडला की माझं नाव चमकलं पाहिजे.
झाकण जरा कललं. लख्खकन काहीतरी उजव्या डोळ्यात आलं. पाण्याचे हबके मारले. आता जिकडे बघावं तिकडे मधोमध काळा ठिपका. जागरणामुळे असावं.
नावही उमटलं नाही.

१७ मार्च
ठिपका अजून आहे. कुणाला बोललो नाही. डावा डोळा मिटला की पेपरातलं मधलं अक्षर गायब. ऑफिसात साहेबांच्या जागी सही केली.
हिला संशय आलाच. माझा डावा डोळा तळहाताने झाकून समोर हात धरला, विचारलं किती बोटं. पोरकटपणा नको म्हणालो. मग एक, म्हटलं. ती म्हणाली, बोट नाही, चमचा आहे.

१८ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. चष्मा कोणता वापरला, विचारलं. मी दुपटीचा मुद्दा मांडला. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ही काच दुसराच उजेड अडवते, निळ्याला दार सताड उघडं. डोळ्याच्या पडद्यावर भाजल्याचा डाग आहे. थोडा भरून येईल. सगळा येईलच असं नाही.
बसमध्ये ही माझा हात घट्ट धरून बसली. मला बरं वाटलं. धीर द्यावा म्हणून म्हटलं, खोक्यातला तो फुकटचा चष्मा असता तर याहून वाईट झालं असतं.
तिने हात सोडला.

२१ मार्च
सुरक्षा समितीचा राजीनामा दिला. तत्त्वाचा प्रश्न. साहेबांनी मागितला होता, ही गोष्ट वेगळी.

३० मार्च
ठिपका थोडा फिकटलाय. सुईत दोरा ओवता येत नाही. पूर्वीही कुठे ओवत होतो?
मशीन मेहुण्याला देऊन टाकलं. मागची खोली पुन्हा कपड्यांची.
आज मेहुण्याचा फोन. भाऊजी, चष्मा कुठला घेऊ? अनुभवी माणसाला विचारलं, बरं वाटलं. काचेचा रंग, फ्रेम, नंबर, सगळं सविस्तर सांगितलं. शेवटी म्हणाला, छान. आता ताईला द्या फोन.
दिला.