दादाविरुद्ध अखिल मानवजात

३ एप्रिल
स्टोइक मंडळींचं, म्हणजे त्या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांचं, पटलं. बुद्धी सगळ्या माणसांत एकच, म्हणून न्यायही एकच. चष्म्याच्या दुकानात मी हे रोज बघतो. नंबर बरोबर लागला की राजा असो वा रंक, तक्त्यावरची शेवटची ओळ सारखीच वाचतो. तेव्हा माझा थोरला भाऊ चूक आहे, हे कोणालाही दिसेल. दादा वरच्याच मजल्यावर राहतो. त्याच्या तान्ह्या नातीला मी गाऊन झोपवत होतो, तर पाहुण्यांसमोर म्हणाला, गप रे, पोर घाबरेल. तेव्हापासून, म्हणजे गेले तीन महिने, अबोला. तो माफी मागेपर्यंत जिना चढणार नाही.

पोरीची आठवण येत नाही. फारशी.

४ एप्रिल, दुपार
संकल्प: प्रत्येक गिऱ्हाइकाकडून निवाडा घ्यायचा. डोळे तपासताना हनुवटी मशीनवर टेकलेली असते, पळणार कुठे? एकमताचा निकाल दादाच्या तोंडावर मारायचा!

५ एप्रिल
शाळेतल्या बाई म्हणाल्या, आधी गाऊन दाखवा. दाखवलं. भावाचं बरोबर आहे म्हणाल्या. असो, त्यांचा नंबर वाढलाय. बेकरीवाल्याचंही तेच मत, पण तो गाणं अर्धवट सोडून उठला. मत बाद.

७ एप्रिल
निवृत्त न्यायाधीश आले! दोन्ही बाजू मांडल्या (दादाची थोडक्यात). पुरावा म्हणून गायलो. पहिल्याच ओळीला म्हणाले, पुरावा पुरे. दादा निर्दोष. फ्रेम न घेताच गेले. मालक म्हणाले, परत गायलास तर घरी बसून गा.

८ एप्रिल
बायकोला विचारलं. हसून हसून खालीच बसली. तिचं मत धरत नाही. जाऊबाईंशी तिचं फार गूळपीठ आहे.

९ एप्रिल, सकाळ
सगळे दादाच्या बाजूने. एकही फुटला नाही! म्हणजे मानवी बुद्धी खरोखरच एक आहे आणि हे मी सिद्ध केलं! निकाल तेवढा उलटा लागला. वर जाऊन दादाला कळवतो. माफी नव्हे, शास्त्रीय निष्कर्ष.

९ एप्रिल, संध्याकाळ
दारातच निष्कर्ष विसरलो. दादाच्या खांद्यावर पोर. केवढी मोठी झालीये. मला ओळखलंच नाही तिने. फार वाईट वाटलं. दादा, चुकलो, एवढंच म्हणालो. तो म्हणाला, ये आत, गाढवा. डोळे पुसत होता. मग त्याने पोर माझ्याकडे दिली. इतका आनंद झाला की राहवेना. हळूच एक ओळ घेतली.

पोरीने भोकाड पसरलं.

एवढ्या लहान मुलांना बुद्धी अजून आलेली नसते, असं खुद्द स्टोइकच म्हणतात. मग हिला कसं कळलं?