पसरलेला पंख

सान्ता इनेस, कोलंबिया
ता. १८ जानेवारी १९९८

चि. दोमितीला हिला थोरल्या भावाचे अ. आ.

पोचलो. सरहद्दीवर तीन तास गेले. व्हॅनमधली एकेक पिशवी उघडून बघितली त्यांनी. माझे गुडघे सुजलेत, पण ते तू विचारलंच नसतंस, म्हणून आधीच सांगून टाकतो.

आपली निएवेस बरी आहे. क्विटोची नऊ माणसं तिच्या हवाली आहेत आणि परदेशात सगळा गट एकटीने सांभाळायची तिची ही पहिलीच वेळ. मी ड्रायव्हर म्हणून का आलो ते तुला ठाऊक आहे. ती एकटी आली असती तर मी इबाराला घरात बसून मेलो असतो. आई-बापाविना या नातीला आपण दोघांनी वाढवली, ती काय कोलंबियाच्या उसात पडायला?

काम असं. सकाळी सगळ्यांना डोंगरावर नेऊन सोडायचं. ते पॅराग्लायडरचे कापडी पंख बांधून एकामागून एक कड्यावरून पळत सुटतात. मला ते बघवत नाही, म्हणून मी त्या वेळी टायर तपासतो. मग खालच्या रस्त्याने त्यांच्या मागे गाडी हाकायची आणि जो जिथे उतरेल तिथून त्याला उचलायचं. यांचा एक नियम मला आवडला. जमिनीवर पाय टेकले की पहिलं काम पंख गोळा करण्याचं. पंख पसरलेला दिसला तर तो माणूस जायबंदी झाला असं समजायचं आणि कुणीतरी त्याच्याकडे गेलंच पाहिजे.

खोऱ्यात जिकडेतिकडे ऊस. तोडणीच्या आधी फड पेटवून देतात, त्याची काळी राख आमच्या सूपमध्ये पडते. आगीवरची गरम हवा माणसाला भर्रकन वर नेते म्हणून या लोकांना धुराचा मोह पडतो. निएवेसने सांगून ठेवलंय, धुराजवळ जो जाईल त्याला त्याच दिवशी बसमध्ये बसवीन. परवा एकजण बांबूच्या बेटात आपटला. काडी गालातून आरपार गेली, दात बाहेरून दिसत होते. गटात आल्बोर्नोस नावाचे दाताचे डॉक्टर आहेत, त्यांनी रस्त्याच्या कडेला बसून टाके घातले. तेव्हापासून त्यांची मान ताठ ती ताठच. पंखही त्यांचा सगळ्यांत नवा, पिवळा धमक.

आता माझा अपमान ऐक. दोन दिवस मी रेडिओवरून पोरीची चौकशी करत होतो. कुठे आहेस, तो ढग काळा दिसतो, पाणी प्यायलीस का, इतकंच. तर जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर मला म्हणाली, आजोबा, रक्त दिसलं किंवा हाड मोडलं तरच बोला, वर नऊ माणसांना माझा आवाज ऐकू यायला हवा. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्याच्या तोंडालाही दोन टाके घालू का? सगळे हसले. मी कोथिंबिरीने भरलेलं ते सूप गिळत बसलो.

पत्र पास्तोरच्या बसबरोबर पाठवतो. उत्तर त्याच्याकडेच दे. जीव लावून आहेस तशीच राहा, आमच्यासाठी मेणबत्ती लाव.

तुझा,
एलिओदोरो


इबारा
ता. २१ जानेवारी १९९८

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र पास्तोरने आणून दिलं तेव्हा मी आइस्क्रीमची कढई बर्फात फिरवत होते. बोटं ओली, म्हणून पहिलं पान जरा विरघळलं. तुझ्या गुडघ्यांचाच मजकूर गेला, फार नुकसान झालं नाही.

पोरगी बरोबर बोलली. ट्रक चालवायचास तेव्हा तुझ्या शेजारी बसून कुणी दर वळणाला ब्रेक लाव म्हणालं असतं, तर तू त्याला दरीत ढकललं असतंस. तिला वर उडू दे, तू खाली घाबर. ज्याचं काम त्याने करावं.

मला काळजी आहे ती तुझ्या हातांची. तुल्कानच्या नाक्यावर त्या कारकुनाचं गळपट्टीचं हाड मोडलंस, ते तो तुला म्हातारा म्हणाला म्हणून. तेव्हा तू चाळीस वर्षांचा होतास. आता खरोखरच म्हातारा आहेस, आणि तो डॉक्टर रोज म्हणेल. हात खिशात ठेव. ती माणसं परत जाऊन चांगलं बोलली तरच तिला पुढचे गट मिळतील.

इकडे ब्लॅकबेरी उत्तम आली आहे. शेजारच्या रोसाऊराने माझ्यासमोरच आइस्क्रीमचं दुकान मांडलंय. तिचं आइस्क्रीम चमच्याने कमी आणि सुरीने जास्त कापावं लागतं.

निएवेसला माझ्याकडून कपाळावर एक मुका दे, तू दिलास तर ती पुसून टाकते म्हणून माझं नाव सांगून दे. माया आहे तितकी राहू द्या.

तुझी धाकटी,
दोमितीला


जिल्ह्याचं इस्पितळ
ता. २६ जानेवारी १९९८

चि. दोमितीलास आ.

आधी हे वाच. निएवेस जिवंत आहे. मांडीचं हाड मोडलंय, दोन्ही हात आणि पाठ भाजली आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात पाय वाचेल. आता खाली बस आणि पुढचं वाच.

शनिवारी दुपारची गोष्ट. डॉक्टर आल्बोर्नोस एका पडीक तुकड्यात उतरले होते, शेजारी ऊस. त्यांचा पिवळा पंख पसरलेला दिसला. कुणीतरी रेडिओवर सांगितलं की माणूस पडलाय. निएवेस बाकीच्यांना शाळेच्या मैदानावर उतरायला सांगून एकटी त्या तुकड्याकडे वळली. घाईने आली, फार खाली आली. त्याच वेळी पलीकडच्या फडाला तोडणीवाल्यांनी काडी लावली होती. त्यांची ठरलेली वेळ होती ती, त्यांना काय माहीत वरून कोण येतंय.

दोमितीला, उसाच्या आगीचा आवाज तू ऐकलेला नाहीस. हजार माणसं एकदम हाडं मोडत असल्यासारखा तो असतो. ज्वाळा दोन मजले उंच. ती गरम हवा आपल्या पोरीला खालून लाथ मारावी तशी वर घेऊन गेली, आणि तिथून सोडून दिली. पंख मुठीत चुरगळलेल्या कागदासारखा झाला. ती उसात पडली. एका बाजूला आग पोचली होती, दुसऱ्या बाजूने येत होती. ती ओरडली, एकदाच.

मी धावलो. एवेलिओ नावाचा एक तोडणीवाला आहे, काळा, खांबासारखा माणूस. त्याने कोयत्याची सपाट बाजू माझ्या छातीवर अशी हाणली की मी उताणा पडलो. म्हणाला, बाबा, तुम्हाला काढायला मला परत जायला लावू नका. मग ओलं पोतं डोक्यावर घेऊन तो आणि त्याचे दोन सोबती आत शिरले. कोयत्याचे घाव ऐकू येत होते, ऊस तुटत होता की पंखाचे दोर, कळत नव्हतं. दोरांमध्ये ती जाळ्यातल्या माशासारखी अडकली होती, पंखाचं वितळलेलं कापड तिच्या हाताला चिकटलं होतं. एवेलिओने ते कातडीसकट ओढून काढलं. तिला बाहेर आणली तेव्हा त्याच्या पाठीवरचा सदरा जळत होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

त्या गडबडीत डॉक्टर आल्बोर्नोस पडले, त्यांचे पुढचे दोन दात गेले. बाकी आठजण सुखरूप आहेत.

मला झोप नाही, भूक नाही. रेडिओ मी व्हॅनच्या सीटखाली टाकून दिलाय. प्रार्थना कर, एवढी मागणी आहे.

तुझा,
एलिओदोरो


इबारा
ता. २९ जानेवारी १९९८

ती. दादास सा. न.

तुझं पत्र वाचून मी दुकान बंद केलं आणि दोन दिवस देवळात होते. तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचलं. आता मला उत्तर दे.

रेडिओवर कुणीतरी सांगितलं, असं लिहितोस. पंखाच्या रंगापर्यंत सगळं तू मला लिहितोस, मग या कुणीतरीला नाव का नाही? आणि तो डॉक्टर आधीच जमिनीवर होता. जमिनीवरचा माणूस कुठून पडला? पास्तोर सांगत होता, तुझ्या उजव्या मुठीच्या पेरांवर पट्टी आहे. आगीत गेला नाहीस असं तूच लिहितोस. म्हणजे ते भाजलेलं नाही.

दादा, मी तुझी बहीण आहे, तुल्कानचा नाका नाही. माझ्यापासून लपवू नकोस.

काल डॉक्टरांचा भाऊ दारात आला होता. नीट बोलला, पण बोलला ते वाईट. म्हणाला, क्विटोच्या उड्डाण मंडळाकडे तक्रार गेली आहे. गट वाऱ्यावर सोडून, कारण नसताना, जळत्या उसात उतरणारीचा परवाना काढून घ्या, असं त्यात आहे. चौकशीला एक गृहस्थ तिकडे येणार आहेत. परवाना गेला तर तिने नऊ वर्षं घासून मिळवलेलं सगळं गेलं, पाय बरा झाला काय आणि न झाला काय.

पोरगी तोंड उघडणार नाही. पाच वर्षांची असताना तू फोडलेला दिवा तिने स्वतःच्या अंगावर घेतला होता, आठवतं? तू बोल. त्या गृहस्थांशी बोलायच्या आधी माझ्याशी बोल.

रागात आहे, तरी तुझीच,
दोमितीला


जिल्ह्याचं इस्पितळ
ता. ६ फेब्रुवारी १९९८

चि. दोमितीलास थोरल्याचे आ., घ्यावेसे वाटले तर घे.

कुणीतरी म्हणजे मी.

पाच दिवस मी रेडिओला हात लावला नव्हता आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. शनिवारी रस्त्यावरून तो पिवळा पंख दिसला, पाऊण मैलावर, उघडा पसरलेला, आणि जवळ माणूस नाही. दुर्बीण गाडीत होती. ती काढायला मी थांबलो नाही. रेडिओ तोंडाला लावून ओरडलो, निएवेस, डॉक्टर मेला. मेला, असंच म्हणालो. तिने एवढंच विचारलं, नक्की? मी म्हणालो, नक्की.

तिला बाहेर काढल्यावर मी डॉक्टरांना शोधत गेलो. ते रेडिओ बंद करून आंब्याच्या झाडाखाली बसून आंबा खात होते. तुकड्यात पाटाचं पाणी होतं, नवा पंख भिजला होता, ओला गुंडाळला तर खराब होतो म्हणून त्यांनी तो वाळत घातला होता. मला म्हणाले, काय हो आजोबा, एवढा धूर कसला? मी मारलं. पहिल्या ठोशात दात गेले, दुसरा मी का मारला ते माहीत नाही. खाली पडल्यावरही मारत होतो. पाठ भाजलेल्या एवेलिओनेच मला पुन्हा ओढून काढलं. मला डॉक्टरांचा जीव घ्यायचा होता, हे तुला खरं सांगतो. कारण ते मेलेले असते तर मी बरोबर ठरलो असतो.

मंगळवारी क्विटोचे गृहस्थ आले. शांत माणूस, टाय लावलेला. मी सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, मी खाली सही केली. मग त्यांनी दुसरा कागद काढला. निएवेसने त्याच सकाळी सांगितलेला. त्यात होतं की कुणीही रेडिओवर बोललं नाही, पंख तिला स्वतःलाच वरून दिसला आणि ती उतरली. ते म्हणाले, दोघांतलं एक खोटं बोलतंय आणि दोघंही स्वतःच्या तोट्याचं बोलताय, असं मी पाहिलं नव्हतं. बाकीच्यांना विचारलं. आठहीजणांच्या रेडिओत माझा आवाज आला होता. डॉक्टरांना विचारलं, पंख किती वेळ पसरलेला होता? ते तोंडावर रुमाल धरून म्हणाले, पाऊण तास. गृहस्थांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, मग तुमच्या तक्रारीत काय उरलं?

परवाना राहिला. मारहाणीसाठी मला इथल्या ठाण्यात दोन दिवस बसवलं, ते बरोबरच झालं. 

सुटून आलो तो थेट पोरीकडे. वाटलं होतं, गळ्यात पडेल. तिच्या हातांना कोपरापर्यंत पट्ट्या, पाय वर टांगलेला, पापण्या जळून गेल्यात. मी म्हणालो, माझी चूक झाली, मी बोलायलाच नको होतं. तिने विचारलं, पुन्हा असा पंख दिसला तर काय कराल? मी म्हणालो, जीभ चावीन, पण रेडिओला हात लावणार नाही, तुझी शपथ.

ती म्हणाली, मग तुम्ही घरी जा आजोबा. मी दुसरा ड्रायव्हर बघते.

आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. नर्सने भरवलेलंही थुंकून टाकलं. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. आधी राग आला, म्हाताऱ्याने माफी मागितली तर तीही चालत नाही. मग विचार करायला दुसरं काही नव्हतं म्हणून विचार करत बसलो. समज, डॉक्टरांची मान खरंच मोडली असती. समज, मी दुर्बीण शोधत राहिलो असतो, आणि मग जीभ चावली असती. पंख पसरलेला दिसला की बोलायचं, एवढाच तर नियम. तो डॉक्टरांनी मोडला होता, मी नाही. नक्की म्हणालो आणि मेला म्हणालो, ती माझी चूक. बोललो ती नव्हे. हे कळायला मला एवढे दिवस लागले, शाळा तिसरीपर्यंतच झाली माझी.

आज सकाळी आत गेलो. तिच्या पाठीला सांगितलं, दिसला तर बोलेन, जेवढं दिसलं तेवढंच बोलेन.

भिंतीकडे बघतच तिने विचारलं, खाली आग असली तरी?

दोमितीला, माझ्या नाकात अजून तो वास आहे. डोळ्यांसमोर तो कागदासारखा चुरगळलेला पंख आहे. मी म्हणालो, हो, तरी.

ती हळूहळू इकडे वळली, दुखत होतं तरी वळली, आणि म्हणाली भूक लागली आहे, सूप आणा. मी आणलं. तिचे हात पट्टीत, म्हणून मी भरवलं आणि निम्मं तिच्या गळ्यावर सांडलं. त्यावर ती मला जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मार्चअखेर तिला घेऊन येतो. तोवर तुझी माया आम्हा दोघांवर असू दे, माझ्या वाट्याची थोडी कमी करून तिला दिलीस तरी चालेल.

तुझा,
एलिओदोरो