आजीच्या चित्रांची जुनी तारीख

चिमणे,

आजीचं पोट फार दुखतंय, म्हणून तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेतोय. वाचा गेल्यापासून ती लॅपटॉपमधल्या बोलक्या चित्रांनीच बोलते, आणि ती चित्रं कालपासून मुकी आहेत. तू काल चांगल्या मनाने तिथली जुनी तारीख बदलून चालू केलीस, पण चित्रांचा तो म्हातारा प्रोग्राम नव्या तारखेला बिचकतो.

लॅपटॉपवर ‘जुना संगणक’ ही खिडकी उघड; तिच्या आत एक जुना संगणकच चालतो, त्याची तारीख वेगळी. फक्त तिच्यातली तारीख वीस वर्षं मागे ने, मग चित्रं उघड. अपडेट करू का विचारलं, तर नाही म्हण. चुकलं तर पुन्हा कर, रडत बसू नकोस.

शेवटी चिमणीच्या चित्रावर दाब. ‘चिमणे, इकडे ये’ असं ऐकू आलं, की लॅपटॉप बंद न करता तसाच घेऊन दवाखान्यात धावत ये. डॉक्टर विचारतील, तेव्हा आजीला सांगता आलं पाहिजे.

आजोबा