पाण्याची ग्यारंटी

तांडा, केळापूरजवळ
८ डिसेंबर १९६२

चि. फुलचंदास खेमसिंगचे अनेक आशीर्वाद. इकडे सारे खुशाल, तुझी खुशाली लिहीत जाय.

कारण का, आपल्या तांड्याच्या विहिरीत मुरूम संपला आन काळा पत्थर लागला. पांढरकवड्याच्या बाजारातून छिन्न्या आणल्या, त्या पह्यल्याच दिवशी वाकल्या. घण मारला का डोकं फुलते, टोक बसते, आन पत्थर तसाच. संग खोदनारा भीमसिंग म्हणते, ह्या लोखंडाच्या नाई, गुळाच्या हायेत.

नाला होळीपावतर आटते, मंग बायांले परक्या गावच्या विहिरीवर हात जोडत उभं राहा लागते. यंदा पाणी नाई लागलं तर तांडा उठवा लागन, असं तांड्याचा नायक सरळ बोलला. याडी म्हणते, मी तुमची माय, ह्या जागेवरून हालत नाई. तू लोखंडी सामानाच्या दुकानात हायेस. स्वस्त छिन्नी घेऊ का महाग, नीट पाहून सांग. तुझी भाभी रामीबाई म्हणते, भाऊजी नागपूरले जाऊन शेठ झाले, पत्रातले शब्दबी तोलून देतात.

याडीचा जीव तुझ्यात अडकला हाय. पत्र जरा लांबलचक लिही, तिले वाचून दाखवा लागते. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा भिया
खेमसिंग

इतवारी, नागपूर
२० डिसेंबर १९६२

ती. खेमसिंगभियास शि. सा. न. वि. वि.

भाभीले सांग, शेठ झालो असतो तर दुकानाच्या फळीवर झोपलो नसतो.

आमच्याकडे दोन तऱ्हेच्या छिन्न्या आहेत. एक बिनछापाची, भंगार ठोकून केलेली. त्यातली एखादी चांगली निघते, पण कोणती ते देवालेच ठाऊक, आणि वाकली तर शेठ ओळखही देत नाही. दुसरी छापाची, महाग. मी दोन्ही दगडावर वाजवून पाहिल्या. साधी ठस्स बोलते, छापाची खणखणते. कानस घासली तर साधीवर चरचरा चालली, छापाचीच्या टोकावरून घसरून गेली. टोक कडक आणि डोकं जरा नरम, म्हणजे घणाखाली डोक्याचे तुकडे उडत नाहीत. आपल्या नायकाचं सगळं याच्या उलट आहे, पण हे त्याले वाचून दाखवू नको.

महागाचीच घे. तिच्या पाण्याची एक वर्ष ग्यारंटी आहे, शेठनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. देवीलाल ड्रायव्हरच्या हाती पाठवून राह्यलो.

याडीले नमस्कार. लहान्यावर आहे तसा जीव राहू दे.

फुलचंद

तांडा, केळापूरजवळ
१५ फेब्रुवारी १९६३

चि. फुलचंदास अनेक आशीर्वाद.

छिन्न्या पोचल्या. वा रे वा! पत्थर कसा खडी होऊन निघते. धार लावाले लोहाराकडं जायचं कामच नाई. भीमसिंग तर छिन्नी उशाशी घेऊन झोपते, त्याच्या बायकोले राग येते.

एक गोष्ट मात्र इपरीत झाली. तुझं पत्र मी याडीले वाचून दाखवलं. पाण्याची एक वर्ष ग्यारंटी आयकलं आन ते उठून उभी राह्यली. ग्यारंटी म्हणजे काय, तिनं इचारलं. मी म्हटलं, बेपाऱ्याचा बोल. झालं! तिनं तांडाभर सांगतलं का नागपूरच्या शेठनं पाण्याचा बोल देल्ला. मी लाख समजावलं का हे छिन्नीचं पाणी होय, इहिरीचं नव्हे. तर म्हणते, पाणी ते पाणी. तिचा बा बैलावर मीठ लादून मुलूख फिरे, आन मिठावर बोल देल्ला का बेपारी मरन पण फिरनार नाई, हे तिच्या हाडात मुरलं हाय.

आता नायकबी तेच बोलून राह्यला. दुसरीकडं जागा पाहाले चार माणसं जानार होती, ते बसून गेली. सारा तांडा इहिरीत उतरते. मले भेव वाटते फुलचंद. पत्थर कोरडा ठणठणीत हाय. तू तुझ्या हातानं याडीले लिही. पत्राले उशीर करू नको.

खेमसिंग

इतवारी, नागपूर
२४ फेब्रुवारी १९६३

ती. भियास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग लगेच कागद घेऊन बसलो. खालचं याडीले जोरानं वाचून दाखव.

याडी, पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवतात, त्यानं जी ताकद येते तिले दुकानात पाणी म्हणतात. शेठचा बोल तेवढ्याच पाण्याचा आहे. जमिनीत काय आहे ते शेठले माहीत नाही, कोणालेच माहीत नाही. तुझ्या पाया पडतो, लोकांले थांबवू नको. दुसरी जागा पाहू दे.

भिया, मले सुटी भेटत नाही, नाहीतर धावत आलो असतो. मी मेल्यानं शब्द जरा जपून लिहायचा होता. रागावू नको, आपला समज.

फुलचंद

तांडा, केळापूरजवळ
२८ एप्रिल १९६३

चि. फुलचंदास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तिले तीनदा वाचून दाखवलं. ते म्हणाली, फुलचंद लेकरू हाय, नोकरी जाईन म्हणून भेते.

नाला आटला. इहिरीत घाम पडला तेवढीच ओल. माणसं हारली, आन दुसरी जागा पाहायचे दिवस निंघून गेले. काल भीमसिंगनं घर सोडलं, आज नायकानं. आम्ही वणीले कोळशाच्या खाणीवर जातो. बाया रडल्या नाई, त्याचंच मले जास्त लागलं. छिन्न्या अजून नव्यासारख्या हायेत, त्याहिले पाहिलं का डोक्यात राग जाते.

याडी वणीले येत नाई म्हणते. ते तुझ्याकडं येनार. शेठले भेटून बोल मागनार हाय. मी हात जोडले, रामीबाईनं पाय धरले. आयकत नाई. देवीलालच्या गाडीत बसवून देतो. कळशी संग घेतली हाय तिनं, आन एक छिन्नी, साक्ष म्हणून. तिले सांभाळ. माह्याच्यानं आता काही होत नाई.

खेमसिंग

इतवारी, नागपूर
९ मे १९६३

ती. भियास शि. सा. न. वि. वि.

याडी सुखरूप पोचली. पहिल्या दिवशी मी तिले दुकानात येऊ दिलं नाही. काल ती रस्ता विचारत एकटीच आली.

गिऱ्हाइकांत वाट काढून तिनं छिन्नी गादीवर ठेवली. शेठनं टोकावर अंगठा फिरवला, वाजवून पाहिली, आणि खूश होऊन म्हणाला, पाणी जसंच्या तसं आहे, माझी ग्यारंटी खोटी नसते. याडीनं मान डोलवली. मग तिनं कळशी पुढे केली आणि आपल्या बोलीत पाणी मागितलं. शेठले पाणी एवढाच शब्द कळला. उन्हाची आली बिचारी, असं म्हणून त्यानं मले गिलास आणायले सांगितलं. माणूस वाईट नाही रे तो.

मी गिलास आणला. याडीनं तो कळशीत ओतला, कळशीचं तोंड पदरानं झाकलं, आणि शेठले विचारलं की बाकीचं कधी.

शेठनं माझ्याकडं पाहिलं, काय म्हणते म्हणून. काही नाही, असं मी सांगितलं. मागच्या गोदामात जाऊन मी रडलो, आणि बाहेर आलो तर ती पायरीवर बसलेली होती. आज सकाळीही तिथंच आहे. हे पत्र देवीलालच्या हाती पाठवतो, वणीचा पत्ता कळव. भाभीले नमस्कार, आणि आम्हा दोघांवर लोभ ठेव.

फुलचंद