कलमाखाली येणारं सगळं

१८ जून १९८६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुमच्या शेजारच्या बसचालकांच्या हाती पाठवलेलं रोप मिळालं असेल. डबा आडवा करू नका असं मी तीनदा बजावलं होतं. त्यांनी म्हणे तो खिडकीच्या सीटवर बसवून आणला आणि उभ्या प्रवाशांना सांगितलं, जागा भरलेली आहे.

दादा, हे रोप साधं नाही. आईचं झाड रस्तारुंदीत गेलं, त्या दिवशी मी त्याच्या अकरा काड्या कापून रोपवाटिकेत कलमं बांधायला दिल्या होत्या. अकरातलं हे एकच जगलं. आईचा हट्ट तुला ठाऊक आहेच. आपल्या झाडाचा मिळेल तेव्हाच, तोवर दुसरा आंबा तोंडाला लावणार नाही म्हणते. यंदा भेट आलेली अख्खी पेटी तिनं जिन्यात उभं राहून वाटून टाकली, आणि वर मलाच ऐकवलं की विकतचा आंबा म्हणजे भाड्यानं आणलेला नातू. तिला ऐंशी पूर्ण झाली. कलमाला फळ धरायला चार वर्षं लागतात. माझ्याकडे दुसऱ्या मजल्यावर चार कुंड्या आणि छापखान्याची नोकरी, तुझ्याकडे अंगण आणि निवृत्ती. तेव्हा आईचा आंबा आता तुझ्या हातात आहे.

लोभ आहे तो पाण्यासारखा रोज थोडा थोडा घाल.

तुझी,
धाकटी

ता. क. आईनं वहिनीला आशीर्वाद सांगितलाय.

२७ जुलै १९८६

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

विषयांकित आंबा दिनांक १६ जून रोजी सुस्थितीत प्राप्त झाला व अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यात रुजू करून घेतला. चौतीस वर्षं ऑफिसात नियमांचे मसुदे केले, पण स्वतःच्या घरात एक नियम म्हणशील तर नव्हता. ती उणीव आता दूर केली आहे. सोबत 'परसबाग नियमावली' जोडली आहे, एकूण कलमे चौदा. पैकी दोन तुझ्या माहितीसाठी उतरवतो. कलम ४: जोमदार वाढीस प्राधान्य द्यावे, खुरटी वाढ छाटावी. कलम ९: आपोआप उगवलेले झाड अनधिकृत समजावे व तीस दिवसांची नोटीस देऊन काढावे.

अंमलबजावणी सुरू झाली आहे. पपईची दोन झाडं होती. एक उंच, एक बुटकं. कलम ४ प्रमाणे बुटकं काढलं. उंच झाडाला फुलांच्या माळा लागल्या आहेत, फळ अद्याप नाही. तुझी वहिनी म्हणते, तो नर आहे, जन्मभर नुसता फुलणार. नियमावलीत नर-मादी असा भेद केलेला नाही, सबब मी तिकडे लक्ष दिलं नाही. केळीच्या बुडाशी पिल्लं आली होती, ती अतिक्रमण म्हणून हटवली.

तुझ्या आंब्याला मात्र बुंध्यातून खाली एक नवा फुटवा येतो आहे. काय करावे, मार्गदर्शन व्हावे. तब्येत जप, आणि आईचे पाय माझ्यातर्फे चेप.

तुझा,
दादा

९ ऑगस्ट १९८६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नियमावली वाचली. कलम ६ मध्ये 'शेणखत' दोन ठिकाणी चुकीचं लिहिलंयस. मुद्रितशोधक बहिणीला असलं काही पाठवत जाऊ नकोस, माझी झोप उडते. आईनं विचारलं की चौदा कलमं लावलीस तर एवढे आंबे खाणार कोण. तिला नीट समजावून सांगता सांगता माझाच गोंधळ झाला.

आता कामाचं, आणि छापखान्यात प्रुफांची थप्पी वाट बघतेय म्हणून एका ओळीत. कलमाखाली जे जे येईल ते निर्दयपणे छाट. दयामाया नको. त्यात हयगय झाली तर आईचा आंबा गेला म्हणून समज.

वहिनीच्या गुडघ्याचं कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. आईचा वहिनीला आशीर्वाद.

२४ ऑगस्ट १९८६

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रानुसार कार्यवाही पूर्ण केली. कलमाचा क्रमांक लिहायचा तू विसरलीस. मुद्रितशोधकाला हे शोभत नाही. परंतु संदर्भावरून कलम ४ अभिप्रेत आहे हे उघड होतं. त्या कलमाखाली वरची खुरटी फांदी येत होती. महिनाभरात दोन पानं, तीही मरगळलेली, आणि बुडाला कसली तरी प्लास्टिकची पट्टी. आज सकाळी साडेदहा वाजता तू म्हणालीस तशी निर्दयपणे छाटली. आता खालचा फुटवा मोकळा झाला. काय त्याचा जोम! नव्यानं नोकरीत लागलेल्या माणसासारखा सरळ उभा आहे.

आईला सांग, तिच्या लेकानं तिच्या आंब्याची काळजी स्वतःच्या हातानं घेतली. तिच्यासाठी एवढं तरी करता आलं, बरं वाटतं बघ.

तुझा,
दादा

२४ ऑगस्ट १९८६

सौ. वन्संना,
स. न. वि. वि.

हे पाकीट आधी फोडलं असेल तर खाली ठेवा. ह्यांचं पत्र वाचा, घोटभर पाणी प्या, मग इकडे या.

वाचलंत? आता ऐका. मी भाजी निवडत होते. ह्यांनी कात्री चालवली, फाइलीत 'कार्यवाही पूर्ण' लिहिलं, सही ठोकली आणि हात धुवायला गेले. मी बघते तर जमिनीवर पट्टीसकट फांदी. बावीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होते मी, बांधलेला भाग कापून खाली पडला म्हणजे काय झालं ते मला कुणी सांगावं लागत नाही. खालचं खोड कुठल्यातरी रानटी कोयीचं, सासूबाईंचं झाड ते वरचं. ह्यांनी यजमानाला हाकलून पाहुण्याला घर दिलं.

ओरडून काय उपयोग, गेलेला पाय ओरडून परत येत नाही. फांदी ओल्या फडक्यात गुंडाळली. मोरीमागे मी मागं फेकलेल्या एका कोयीचं रोप आलंय, पेन्सिलीएवढं जाड. ब्लेड उकळून घेतलं. रोपाचा शेंडा उडवून मधोमध चीर दिली, काडी पाचरीसारखी तासली, चिरेत बसवली, सालीला साल भिडवली आणि वरून पट्टी घट्ट आवळली. टाके घालायचं काम डॉक्टरांचं होतं, पण त्यांचे टाके कुठे चुकतात ते बघायचं काम माझं होतं. काडीवर चार डोळे आहेत. एक फुटला तरी जिंकलो.

समोर जुनी चादर वाळत घातली आहे. आता ती वर्षानुवर्षं वाळणार.

सासूबाईंना यातलं काही बोलू नका. म्हणतील, सुईटोचणीबाईनं झाडालाही इंजेक्शन दिलं. तुमच्या पत्राच्या तळाशी त्यांचा आशीर्वाद असतो, तो पोचला. तीस वर्षं मी ता. क. मध्येच राहते आहे, तिथली जागा आता पाठ झालीय.

तुमची,
वहिनी

२ सप्टेंबर १९८६

प्रिय वहिनीस,
सा. न. वि. वि.

दोन्ही पत्रं वाचून मी जिन्यातच बसले. वहिनी, चूक माझी आहे. जगाच्या वेलांट्या दुरुस्त करत फिरते आणि माझ्याच एका शब्दानं आईचं झाड कापलं. 'जोडाखाली' लिहायला काय झालं होतं मला! नियमावली लिहिणाऱ्या माणसाला 'कलम' म्हटलं की झाड दिसेल, ही अपेक्षाच खुळी.

दादाला कळू देऊ नका. मन तर मोडेलच त्याचं, पण त्याहून वाईट म्हणजे तो मदत करायला येईल. आईलाही सांगत नाही. त्याची पत्रं मी तिला निवडून पाखडून वाचून दाखवते.

चादर फाटली तर कळवा, दुसरी पाठवते.

तुमची,
धाकटी

१९ नोव्हेंबर १९८९

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आईच्या छातीच्या दुखण्याचं वाचून मन थाऱ्यावर नाही. तिला सांग, तिचा आंबा आता घराच्या छपराला टेकला आहे. फळ अद्याप नाही, सावली मात्र समाधानकारक आहे. पपई नियमित फुलते.

एक गंभीर बाब. परवा मोरीमागची दोरी तुटली आणि तुझ्या वहिनीची ती कायमची ओली चादर खाली आली. मागे पाहतो तर पुरुषभर उंचीचं आंब्याचं झाड! परवानगी नाही, नोंद नाही. वहिनीला विचारलं तर म्हणाली, आपोआप आलं असेल. म्हणजे कलम ९ सरळ लागू होतं. आज खोडावर नोटीस चिकटवली. एकोणीस डिसेंबरला करवत चालेल. माझ्या घरात मीच नियम मोडला तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू?

तुझा,
दादा

२६ नोव्हेंबर १९८९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

विषय: मोरीमागील आंब्यास दिलेल्या नोटिशीबाबत हरकत.

तुझ्याच कलम १२ प्रमाणे हरकत आल्यास सुनावणी घेणं बंधनकारक आहे, आणि अर्जदार किंवा त्याचा प्रतिनिधी हजर असल्याशिवाय सुनावणी होत नाही. अर्जदार मी. मला मे महिन्याआधी रजा नाही. शिवाय नोटीस तू झाडाला दिलीस, झाडाला वाचता येत नाही. नोटिशीत 'अनधिकृत' मधला 'धि' दीर्घ लिहिला असशील, तर ती तशीही बाद आहे. वहिनीला बघायला सांगते.

दादा, आता थट्टा पुरे. डॉक्टरांनी आईला विचारलं, काय हवं-नको ते सांगा. ती म्हणाली, एक आंबा खायचाय, मग तुम्ही काय ते बघा. मी बाहेर जाऊन रडले. त्या झाडाला मेपर्यंत हात लावू नकोस. कारण विचारू नकोस, पुरावा हजर करीन.

तुझी,
धाकटी

ता. क. आईचा वहिनीला आशीर्वाद. उठून बसताही येत नाही, तरी सांगायला विसरली नाही.

२० मे १९९०

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

तुला आईला सोडून येता आलं नाही, म्हणून काल तुझ्या वतीनं तुझी वहिनी उभी राहिली. मी टेबल मांडलं होतं, फाइल उघडली होती. तिनं फाइलीवर बशी ठेवली. बशीत एक आंबा, चिरलेला. म्हणाली, पुरावा खा.

पहिल्या फोडीलाच ओळखला. देठाकडे किंचित आंबट आणि मग ती गोडी. मी सात वर्षांचा झालो गं. मग तिनं सगळं सांगितलं, तुझा शब्द, माझी कात्री, ब्लेड, चादर. चार वर्षं मी सावलीचे अहवाल पाठवत होतो आणि तुम्ही दोघी ते वाचत होतात. मी आईचं झाड कापलं. तेही वेळ लिहून, सही करून.

आदेश असा: मोरीमागील झाड कायम. नियमावली चौदा कलमांसह रद्द. कात्री वहिनीच्या ताब्यात. झाडाला धरलेल्या सातांपैकी उरलेले सहा आंबे बसचालकांबरोबर पाठवतो आहे, बांधणी तिची आहे. मी फक्त दोरी धरली.

आईला जे खरं आहे ते सांग. मला रागावू दे तिला.

तुझा,
दादा

२८ मे १९९०

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

हात कापतो, अक्षर लागलं तर वाच, नाही लागलं तर अंदाज कर. धाकटी लिहून देते म्हणाली, मी म्हटलं, हे माझं मी लिहिणार.

सहाही आंबे पोचले. प्रत्येकाला बँडेज. बसवाला विचारत होता, हे कुठे धडपडले? पहिला मी कापूही दिला नाही, तसाच तोंडाला लावला. तोच गं. माझाच. धाकटी समोर आशेनं बसली होती, तिला कोयसुद्धा दिली नाही. मग थोडं रडून घेतलं.

तू घरात आलीस तेव्हा मी शेजारणीला म्हटलं होतं, दवाखान्यात रक्त पुसणारे हात माझ्या स्वयंपाकघरात नकोत. तू दाराआड होतीस. तू ऐकलंस हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी तीस-पस्तीस वर्षं गप्प राहिले. त्याच हातांनी तू माझं झाड उचललंस आणि मला एका शब्दानं कळू दिलं नाहीस. चुकले मी. हे तुला लिहायला जगले असं वाटतंय.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिकडे येणार आहे. डॉक्टर नाही म्हणतो, त्याला मी एक आंबा दिलाय, आता तो फारसं बोलत नाही. मोरीमागे माझी खुर्ची टाक. आपण दोघी तिथंच बसू, आणि चादर धुऊन आत ठेव.

हे पत्र तुझं आहे. दादाला दाखव, पण आधी तू वाच.

तुझी,
आई

ता. क. दादाला आशीर्वाद सांग.