चढावर दम खाणारी गाडी

९ फेब्रु. १९४४, कडेगाव
पलूसकडचा चढ गाडी आज दुसऱ्या गियरवर कशीबशी चढली. दोन महिन्यांपूर्वी तिसऱ्यावर हसत जायची. पेट्रोल मिळेना म्हणून मागे कोळशाची भट्टी बसवली. तिच्या गॅसवर वर्षभर बिनतक्रार धावली, आता काय झालं? बायकोला, ताराला, नववा महिना. पोर आडवं आहे, कळा सुरू होताच सांगलीला आणा, असं डॉक्टरांनी बजावलंय. गाडीशिवाय दुसरा उपाय नाही.

१३ फेब्रु.
बाबालाल मिस्त्रीने प्लग, व्हॉल्व्ह सगळं पाहिलं. ठणठणीत. म्हणाला, "आवं, गॅसचं गाळणं उघडून बघू की." म्हटलं, त्याला हात लावायचा नाही, दिवाळीत मी स्वतः भरलंय. त्यात भरायचा काथ्या मिळेना, तर धनगराकडची लोकर आणून ठासली. काजळीचा कण पुढे जात नाही! मिस्त्रीने हत्यारं आवरली.

१८ फेब्रु.
आता पहिल्या गियरवर. कोळसा ओला दिला म्हणून कोळसेवाल्याशी भांडलो. मग भर बाजारात मिस्त्रीला, "तुझ्या हाताला गुणच नाही."
आधीच सांगलीत जाऊन राहू म्हटलं, तर आई, "आवस झाल्याबिगर पोटुशीनं शीव वलांडू नये." अवस गुरुवारी. तारा म्हणाली, "थांबू की. गाडी हाय न्हवं?" मी हो म्हणालो. खरं सांगायची छाती झाली नाही.

२३ फेब्रु., सांगली, दुपार
पहाटे कळा. अवस उद्यावर, पण आईच आधी गाडीत बसली. मिस्त्रीला हाक मारली, हत्यारं घेऊन आला.
चढाच्या मध्यावर गाडी बसली. ताराने माझा दंड धरला, "आवं, कवा पोचायचं?" मिस्त्रीने न विचारता गाळणं उघडलं. वाफेनं आणि धक्क्यांनी लोकरीचं घट्ट घोंगडं झालेलं, फुंकर मारली तरी आरपार जाईना. एका शेतकऱ्याचा काथ्याचा जुना दोर उकलून गाळणं पुन्हा भरलं, भट्टी परत पेटवली. त्यात दीड तास गेला. मग मात्र गाडी सुसाट.
इथं डॉक्टर ओरडले, "पहाटेपासून कळा, मग इतका वेळ कुठं होतात?"
मी म्हणालो, "रस्ता खराब होता."
मिस्त्री शेजारीच होता. तो बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिला.
ताराला आत नेऊन तास होत आला. अजून बाळाचं रडणं ऐकू आलेलं नाही.