आक्काच्या अटीवरची गाडी

२ नोव्हेंबर, रविवार

आक्काने सही द्यायचं कबूल केलं. एका अटीवर. अट तंबाखूच्या शेडमध्ये उभी आहे, तिला चार चाकं आहेत आणि तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालते.

नीट लिहून ठेवतो, नाहीतर पुढे माझं मलाच पटणार नाही. निपाणीजवळची जमीन वडिलांमागे दोघांच्या नावावर — मी आणि माझी मोठी बहीण रुक्माबाई, म्हणजे आक्का. खाली हायवेला लागून अर्धा एकर पड, वर माळावर दोन एकर तंबाखू. तंबाखू आक्का एकटी बघते. मारुतीरावांना तिथे हॉटेल काढायचंय, आणि त्यांना दोन्ही तुकडे एकदम हवेत. आक्काने हक्कसोडपत्रावर सही केली की जमीन माझी, म्हणजे मारुतीरावांची. आणि मी बेळगावात टिळकवाडीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांतून उठून टिळकवाडीतल्याच लिफ्टवाल्या फ्लॅटात.

एका साडीवर बहिणीचा हिस्सा लिहून घेणाऱ्या भावांवर मी पेपरातल्या माझ्या सदरात तीन लेख लिहिलेत. गेल्या साली कडोलीच्या साहित्य संमेलनात त्यातलाच एक वाचला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आज निपाणीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत साडी. मोरपंखी.

आक्का म्हणाली, "रंग चांगला हाय. ठेव तिथं. सही करतो की मी. न्हायतरी ह्या गुडघ्यानं माळ चढवत न्हाय. दोन साल झाली, वर काय उगवतंय ते गडीच येऊन सांगत्यात. पर तुझ्या दाजींची गाडी येकदा सुरू करून दाव. मग म्हणशील तिथं सही."

दाजी खानापूरकडच्या एका रिसॉर्टवर राखणदार होते. रिसॉर्ट बुडालं तेव्हा मालकाने शेवटच्या पगाराऐवजी ही क्वाड बाईक दिली. पाहुण्यांना मातीत उड्या मारायला ठेवलेली, शर्यतीच्या जातीची. दाजी तिच्यावर सहा महिने बसले आणि गेले. त्याला नऊ वर्षं झाली.

मी लगेच हो म्हटलं. एक गाडी सुरू करायची, त्यात काय! मला सायकलची चेन बसवता येते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

भरमाला घेऊन गेलो. निपाणीत पॉवर टिलर दुरुस्त करतो. साठीचा आहे, चष्म्याची एक काडी तारेची. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, खाली वाकला, वास घेतला.

"अण्णा, ही पुढनं बेडूक हाय आनि मागनं मोटरसायकल."

"सुरू होईल का?"

"इंजान फिरतंय. बाकी सगळं मेलंय."

बाकी सगळं म्हणजे: कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची काकवी झालीय. वायरिंग उंदरांनी खाल्लंय. टायर तडकलेत. पुढची दोन्ही चाकं एकमेकांशी बोलत नाहीत, एक कोल्हापूरकडे बघतं, दुसरं बेळगावकडे. इथल्या मातीचा गुण, म्हटलं. भरमा हसला नाही. मेकॅनिक आणि संपादक यांना हसवणं मला कधीच जमलं नाही.

नवीन सामान परदेशातून मागवावं लागेल म्हणाला. माझा चेहरा बघून त्यानेच उतारा दिला — "भंगारातनं जमवू या की."

९ नोव्हेंबर, रविवार

खर्च वाचवण्यासाठी मीही हात लावायचा असं ठरलं. ठरवलं मीच.

भरमाने जुनं ऑइल काढून ठेवलं होतं आणि तो चहाला गेला होता. मी नवं ऑइल ओतलं. तो यायच्या आत एक काम उरकलं याचं फार समाधान वाटलं. मग पायाला गार लागलं. ऑइल सोडायचा खालचा बोल्ट भरमाच्या खिशात होता.

आक्का उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होती. "पेपरात लई शाणा हाईस," एवढंच म्हणाली. कोंबड्या दिवसभर काळ्या पायांनी फिरल्या.

१० नोव्हेंबर, सोमवार

घरी बायकोने, कल्याणीने, जेवताना विचारलं, "वन्सं सही का देताहेत? पाय चालत नाही म्हणून. आणि तुम्ही त्यांना चाकं करून देताय."

म्हटलं, बायकांना यंत्रातलं कळत नाही.

हे वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं तर मी त्यावर आठशे शब्द लिहिले असते.

१६ नोव्हेंबर, रविवार

मूळचे मडगार्ड फुटलेले. कोल्हापूरच्या भंगारातून भरमाने दोन वेगवेगळ्या गाड्यांचे आणले. पुढचे पिवळे, मागचे लाल. स्वस्त पडले म्हणून मी खूश. टेम्पोतून आणताना चहाच्या टपरीवर थांबलो, तर ओळखीचा टपरीवाला म्हणाला, "व्हय गोपाळअण्णा, पक्ष बदलला वाटतं? एक तारीख होऊन गेली की."

तेव्हा डोक्यात शिरलं. टेम्पोत पिवळे वर रचलेले, लाल खाली. एक नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाचा झेंडाच चाकावर बसवलेला! हा रंग घेऊन आक्काच्या गल्लीत शिरलो असतो तर पन्नास वर्षांचं माझं मराठीपण एका मडगार्डात गेलं असतं.

भरमा म्हणाला, "भगवा मारू?"

म्हटलं, मग दुसरे लोक विचारतील. हिरवा? तिसरे विचारतील. निळा? नको. शेवटी करडा प्रायमर मारून तसाच सोडला. सीमाभागात निर्धास्त असा एकच रंग आहे, तो म्हणजे रंगाच्या आधीचा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पुढच्या चाकांचं भांडण मिटलं. रिक्षाचे स्टिअरिंगचे सांधे लेथवर घासून बसवले. तडकलेल्या टायरांत ट्यूब घातल्या. बॅटरी मोटरसायकलची. सीट रिक्षावाल्यांच्या शिलाईवाल्याकडून, त्यामुळे पाठीमागे बारीक झालर आहे. नको म्हटलं होतं. तो म्हणाला, बिनझालरीचं मी शिवतच नाही.

मारुतीरावांचा फोन. "साहेब, बहीणबाईंचं कुठवर आलं?" म्हटलं, वायरिंग राहिलंय. ते म्हणाले, बहीणबाईंचं?

२३ नोव्हेंबर, रविवार

सुरू झाली.

आधी नुसती खोकली, मग धूर, मग एक आवाज असा की शेजारच्या म्हशीने दावं तोडलं. आक्का आतून आली. पदराने हात पुसत उभी राहिली. मग पदर खोचला आणि म्हणाली, "सरक."

मला वाटलं होतं, नुसतं बघायचं असेल. तिने दुखरा पाय हाताने उचलून पलीकडे टाकला. क्लच तिला नवा नाही, पंधरा वर्षं टिलर चालवलाय. फक्त ॲक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा असतो, ते भरमाने एकदा दाखवलं. अंगणात दोन फेऱ्या. मग काही न सांगता माळाची वाट धरली.

निम्म्या चढावर गाडी कण्हली, हिसका दिला आणि बंद. पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा पुढची चाकं हवेत उठली. भरमा धावत गेला. आम्ही दोघांनी धरून गाडी खाली आणली.

"शर्यतीची हाय, आक्का," भरमा म्हणाला. "हिला पळायचं कळतंय, चढायचं न्हाय. मागचं स्प्रॉकेट, चेनचं चक्र, मोठं घातलं तर हळू जाईल पर चढंल. छत्तीस दाती हाय, अठ्ठेचाळीस पायजे. लेथवर पाडून घ्यावं लागंल."

आक्का गाडीवरून उतरली. तोंड धुतलं. "असू दे. सुरू झाली न्हवं? गोपाळ, कधी जायाचं सहीला?"

दोन डिसेंबर, मंगळवार, बारा वाजता ठरलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

अट अशी होती: सुरू करून दाव. सुरू केली. चढवून दाव असं ती म्हणाली नव्हती.

सकाळपासून हे वाक्य घोळवतोय. चांगलं वाक्य आहे. माझ्या लेखांतल्या कुठल्याही भावाच्या तोंडी शोभलं असतं. तो बहुतेक एवढ्या वेळा म्हणाला नसता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कल्याणी फ्लॅटच्या पडद्यांचं बोलत होती. मधेच थांबली.

"ते चक्र केवढ्याला पडतं?"

मी सांगितलं.

"पडद्यांपेक्षा कमी," म्हणाली आणि भांडी घासायला गेली. बराच वेळ घासत होती. मग आतूनच — "हे घर गळत नाही अजून. जिना तेवढा जास्त आहे."

चौदा वर्षं ती त्या जिन्याला शिव्या देत आलीय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पहिल्या बसने निपाणी. लेथवाल्यासमोर स्टुलावर बसून दाते मोजले. अठ्ठेचाळीस. मग पुन्हा मोजले, कारण मोजताना दुसराच काहीतरी विचार येत होता. चेन चार कड्यांनी वाढवावी लागली. भरमाने मला एक बोल्ट आवळू दिला, नंतर मी बघत नाही असं समजून तो परत आवळला.

३० नोव्हेंबर, रविवार

चढली. सावकाश, टिलरसारखी घुरघुरत, एका दमात. आक्काने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी मागून चालत गेलो. वीस मिनिटं लागली, तीनदा थांबलो. वर पोचलो तर गाडी करंजाच्या झाडाखाली उभी आणि आक्का तंबाखूत. सरीच्या टोकाला बसून, हात पोचेल तेवढ्या झाडांचे शेंडे खुडत होती. बोटं चिकाने काळी झालेली.

"पाणी आणलास?"

नव्हतं आणलं.

"बग की हे. शेंडे कवाच खुडायला पायजे हुते. फुलं आल्यात. गडी मला सांगत हुते, आक्का, झालं सगळं. दोन साल ह्यो कोपरा माझ्या डोळ्याला पडला न्हवता रं." मग पुढच्या झाडाला हात घालत, "मंगळवारी बस कितीला येती? सकाळी येळ काढून हे येवढं उरकतो, मग जाऊ."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? सहीला. शब्द दिलाय न्हवं तुला."

असं म्हणून खुडतच राहिली. चिडली नव्हती, टोमणाही नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं, तो माझा धंदाच आहे.

मी बांधावर बसलो. खाली हायवे दिसत होता. तासभर बसलो, एकही विनोद सुचला नाही.

१ डिसेंबर, सोमवार

मारुतीरावांना फोन केला. खालचा तुकडा तेवढा घ्या, म्हटलं. अर्ध्या एकरात टपरीसुद्धा होत नाही, म्हणाले. मग वकिलाला फोन केला. कागद नव्याने टाइप करायला सांगितला. तो म्हणाला, नक्की का? कल्याणी शेजारीच उभी होती. फोन तिने घेतला आणि "नक्की" म्हणाली.

आक्काला काही कळवलेलं नाही. फोनवर सांगितलं असतं तर आलीच नसती.

२ डिसेंबर, मंगळवार

माळावरच्या दोन एकरांचं हक्कसोडपत्र झालं. सोडणार — मी. घेणार — रुक्माबाई. कारकुनाने कागद वाचला, आम्हा दोघांकडे बघितलं, पुन्हा वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला. "भाऊ सोडतोय असं कसं? नावं उलटी टाइप झालीत. बदलून आणा."

आक्का माझ्याकडे बघायला लागली.

बरोबर आहेत, म्हटलं.